सासूबाईंचा कर्फ्यू

कर्फ्यू हा शब्द माझ्या घरात चालत नाही. नातवंडांना ते ठाऊक आहे. टीव्हीवर कुठल्या तरी शहरातली जाळपोळ दाखवायला लागले आणि बातम्या देणाऱ्या बाईनं तो शब्द उच्चारला, की मी उठते आणि बटण बंद करते. संचारबंदी म्हणा, जमावबंदी म्हणा, तुमच्या तोंडाला येईल ते म्हणा. सून म्हणते, "आई, शब्दानं काय होतं?" म्हणे शब्दानं काय होतं. हिच्या आजेसासऱ्यांपुढे हे बोलली असती, तर त्यांनी हिला पाटावर बसवून दुपारपर्यंत उठू दिलं नसतं.

माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, साताऱ्याला हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी येऊन राहिले. घर म्हणजे चार खण, वर कौलं, मागे पडवी आणि गोठा. मी वाईची, लग्न होऊन या घरात आले. आमचे हे सांगलीला हळदीच्या एका पेढीवर कारकून, तिथे एका खोलीत राहायचे. घरात आम्ही तिघंच, मामंजी, सासूबाई आणि मी.

मामंजींना एक खोड होती. इंग्रजी शब्द दिसला की तो मुळापासून उपटायचा. भुईमुगाचं झाड उपटल्यावर खाली शेंगा लोंबतात ना, तसं त्यांना वाटायचं. म्हणायचे, "इंग्रजी शब्द म्हणजे सासुरवाशीण. जन्म लॅटिन घरात, वाढली फ्रेंच मामाकडे आणि नांदतेय इंग्रजाघरी. तिला माहेरचं नाव विचारलं की कशी खुलते बघ." हे सगळं ऐकायला होतं कोण, तर भाकरी थापणाऱ्या सासूबाई. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण नवऱ्याची बडबड ऐकून ऐकून त्यांना शंभर शब्दांची माहेरं पाठ झाली होती. कधी मामंजी अडखळले तर त्याच सांगायच्या, "तो नाही, तो ग्रीकांकडचा. परवाच तर म्हणालात."

सासूबाईंचीही एक खोड होती. त्यांच्या चुलीतला विस्तव कधी विझला नाही. रात्री जेवणं झाली की त्या निखारे एका कोपऱ्यात ओढायच्या आणि वरून राख सारायच्या, बाळाला दुपटं घालावं तशी. सकाळी राख बाजूला केली की आत विस्तव लालबुंद. त्यांच्या सासूनं त्यांना दिलेला हा विस्तव, असं त्या सांगायच्या. खरंखोटं त्या चुलीलाच ठाऊक. लढाईच्या दिवसांत आगपेटी मिळायची मारामार होती, त्यामुळे अर्धी आळी सकाळी आमच्या मागच्या दारी यायची. येणाऱ्यानं हातात गोवरी आणायची, सासूबाई चिमट्यानं त्यावर निखारा ठेवणार. कुणाला नाही म्हणायचं नाही. "विस्तवाला विटाळ नसतो," म्हणायच्या.

बेचाळीस साली आमच्या शिवारात कुणी तरी तारा तोडल्या. दुसऱ्या दिवशी चावडीत पोलीस येऊन बसले. संध्याकाळी हलगी वाजली आणि दवंडी आली, "ऐका हो, दिस मावळल्यावर कुनी घराभाईर पडायचं न्हाई. कर्फू लागला हाय."

जेवताना सासूबाईंनी विचारलं, "हा कर्फू कोण?"

मामंजींचा हात ताटातच थांबला. पोलीस विसरले, तारा विसरले. "अगं, हा तर तुझाच शब्द," म्हणाले. "फ्रेंचांत कूव्र म्हणजे झाक आणि फ म्हणजे विस्तव. झाका विस्तव. पूर्वी त्या मुलखात गवताची घरं. संध्याकाळी घंटा व्हायची, की घराघरातल्या बाईनं चुलीवर राख ओढायची. का, तर रात्री ठिणगी उडून गाव जळू नये. आणखी मागे गेलं तर लॅटिन. कोऑपेरिरे म्हणजे झाकणं, आणि फोकस म्हणजे चूल. आपल्या शाळेत तो भिंगाचा फोकस शिकवतात ना, ती मूळची चूल. सरपणाला फ्युएल म्हणतात, तेही तिथलंच." आणि मग ते जरा गंभीर झाले. "म्हणजे बघ, घर जळू नये म्हणून काढलेला हा शब्द."

सासूबाई म्हणाल्या, "एवढंच? मग आमच्या घरात रोजचाच कर्फ्यू."

त्या दिवसापासून घरात तो शब्द रुळला. निखाऱ्यांवर राख ओढून, हात झटकत त्या म्हणायच्या, "लावला कर्फ्यू." मामंजी बाहेरून विचारायचे, "लागला का कर्फ्यू?" मला त्या नवरा-बायकोचा हेवा वाटायचा. माझा नवरा सांगलीला हळद मोजत होता.

पण बाहेरचा कर्फ्यू वेगळा होता. दुसऱ्याच दिवशी, दिवस नुकता मावळलेला, पलीकडच्या आळीतला मुलगा आमच्या मागच्या दारी आला. अठराएक वर्षांचा असेल. बाप नाही, विधवा आई. तिची चूल विझली होती. सासूबाईंनी त्याच्या गोवरीवर निखारा ठेवला आणि म्हणाल्या, "कुडाकुडानं जा." तो गेला आणि हाकेच्या अंतरावर पोलिसांच्या तावडीत सापडला. अंधारात हातात विस्तव घेऊन चाललेला पोरगा! त्या दिवसांत ठिकठिकाणी चावड्या जळत होत्या. त्यांनी त्याला विचारलंही नाही. निखारा त्याच्याच तळव्यावर दाबला आणि त्याला चावडीच्या खांबाला बांधून वेताच्या काठीनं फोडून काढलं. त्याचं ओरडणं आम्हाला घरात ऐकू येत होतं. आधी आईला हाका मारत होता, मग नुसतं जनावरासारखं. मी कानांवर हात ठेवले. सासूबाईंनी माझे हात ओढून खाली केले. "ऐक," म्हणाल्या. "आपला विस्तव होता."

मामंजी कर्फ्यू मोडून चावडीवर गेले. फौजदाराशी फर्ड्या इंग्रजीत भांडले. फौजदार हसला म्हणे, पण पोराला सोडलं. त्याच्या पाठीची सालं निघाली होती. त्याला त्याच्या घरापर्यंत नेणं शक्य नव्हतं, म्हणून आमच्याकडे आणलं. सासूबाईंनी सोवळं गुंडाळून ठेवलं आणि त्याला चुलीजवळ उबेला पालथं निजवलं, तेल-हळद गरम करून रात्रभर पाठीवर सोडली. आमच्या चुलीपाशी परका माणूस तेव्हाच पहिल्यांदा आला. मान वळवून तो चुलीकडे बघत होता. सासूबाईंनी निखारे ओढले, राख सारली, आणि या खेपेला तो शब्द बोलल्या नाहीत.

पोरगा बरा झाला. तळव्यावर डाग राहिला. पुढे विस्तव न्यायला त्याची आईच यायची, तो कधी आला नाही. त्याच्या मनात काय होतं, हे मला आजही सांगता येणार नाही, आणि खरं सांगू, मला ते जाणून घ्यायचंही नाही.

आमच्या शेजारी एक हवालदार राहायचे. लढाई संपल्यावर पलटणीतून सुटून आलेले, उसाची शेती, भरघोस मिशा. लढाईत इटलीपर्यंत जाऊन आले होते. मामंजींची आणि त्यांची दोस्ती जमली तीही एका शब्दावरून. हवालदार सांगत होते, "मास्तर, तिकडं इस्तवाला फ्वोको म्हनत्यात." मामंजी उठून उभे राहिले. "फोकस! तीच चूल! हवालदार, तुम्ही लॅटिन चूल बघून आलात." हवालदार म्हणाले, "चुली कुठल्या मास्तर, समद्या घरांवर बाँब पडल्यालं. नुसती राख." तेव्हापासून दोघं रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर. 

मग अठ्ठेचाळीस साल. साऱ्या देशाला जो म्हातारा आपला वाटायचा, त्याला दिल्लीत भर प्रार्थनेला जाताना गोळ्या घातल्या. मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. मग कळलं, मारणारा ब्राह्मण, आमच्यातलाच. कुठल्या कुठल्या गावात कुणी कुणी साखर वाटली, असंही कानावर यायला लागलं. खरं असेल तर त्यांच्या जिभा झडोत. पण आमच्या घरात सुतक होतं, आणि ते गावाला दिसत होतं. दिसून काय उपयोग? वाऱ्याबरोबर बातम्या यायला लागल्या. या गावात ब्राह्मणांची आळी पेटवली. त्या गावात कुणा आजोबांना आत कोंडून घर पेटवलं. रेशनला घासलेटाचा थेंब मिळत नव्हता, आणि त्या आठवड्यात डबेच्या डबे निघाले. कुठून निघाले, ते देवाला विचारा.

एक दिवस सकाळची भाकरी झाली होती, चूल अजून लाल होती, आणि हवालदार मागच्या दारानं घाईनं आत आले. एरवी खोकल्याशिवाय पडवीत पाऊल न टाकणारा माणूस. "वैनी, निगा. आत्ताच्या आत्ता. दोन गावची मानसं हायती, आन आपल्यातली बी हायती. माज्या उसात जावा."

मामंजी म्हणाले, "मी कुठेही येणार नाही. त्यातल्या निम्म्यांना मी अर्ज लिहून दिलेत."

"मास्तर, अर्जाचं दिस न्हाईत हे."

"तुम्ही बायकांना न्या. मी दारात उभा राहतो. मला बघून परत जातील."

एवढं शिकलेला माणूस, आणि किती भाबडा! मी त्यांना भीती घातली, विनवलं. ऐकेनात. सासूबाईंनी देव पदरात बांधले. मी पाण्याची कळशी उचलली आणि चुलीकडे वळले. माझ्या मनात एवढंच होतं, की घर उघडं टाकून जातोय, मागे आग नको. सासूबाईंनी माझं मनगट असं धरलं, की कळशी हिंदकळून लुगडं भिजलं.

"मर्तिक झाल्याशिवाय चुलीवर पाणी ओतत नाहीत," म्हणाल्या. "तुझे सासरे दारात उभे आहेत."

पुढच्या दाराशी आरडाओरडा ऐकू येत होता. आणि ही बाई चुलीपुढे बसली. शांतपणे निखारे ओढले, राख सारली, हातानं दाबली. हात झटकले. नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कर्फ्यू लावलाय हो."

मामंजी दारातून म्हणाले, "बरं."

उसात आम्ही दोघी ओणव्या होऊन बसलो. उसाची पाती हातापायांना कापत होती. तिथून घर दिसत नव्हतं, पण आवाज येत होते. घोषणा, मग दगड, कौलं फुटल्याचे आवाज. मग हवालदारांचा पलटणीतला आवाज, एकटाच, सगळ्यांच्या वर. मग एकदम शांत झालं. इतकं शांत, की मला वाटलं, झालं, गेले सगळे, आपण वाचलो. मी सासूबाईंचा हात धरला. आणि तेवढ्यात उसाच्या शेंड्यांवरून धूर आला. पहिल्यांदा पांढरा. मग घासलेटाचा काळाकुट्ट.

सासूबाई उठून धावल्या. मी त्यांना कमरेला मिठी मारून खाली पाडलं. त्यांनी मला दोन थोबाडीत दिल्या. मी सोडलं नाही. नंतर किती वेळ गेला कळलं नाही. मी पाटाला पाणी प्यायला गेले तेव्हा त्यांच्याजवळ कुणी बाई येऊन बसलेली लांबून दिसली. मी परत येईपर्यंत ती निघून गेली होती. "कोण होतं?" मी विचारलं. "होती गावातली," म्हणाल्या. मी पुढे विचारलं नाही. रडायला येणाऱ्या बायका पुष्कळ असतात.

हवालदारांनी मामंजींना पाठुंगळीला घेऊन उसात आणलं. मामंजींच्या डोक्याला हवालदारांनी आपला फेटा बांधला होता आणि तो पूर्ण भिजला होता. एक डोळा सुजून मिटला होता. दोन बोटं उलटी वळली होती. सासूबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मामंजी पहिलं वाक्य काय बोलले, तर "पुस्तकं गेली." सासूबाई म्हणाल्या, "जाऊ देत. तुम्हाला पाठ आहेत."

बैलगाडीत, कडब्याखाली झाकून, हवालदारांनी आम्हाला कोरेगाव स्टेशनला नेलं. अंगात पलटणीचा डगला, हातात काठी. वाटेत दोनदा माणसं आडवी आली. दोन्ही वेळा ते गाडीतून उतरले नाहीत, नुसतं म्हणाले, "ज्याला लय हौस आसंल त्यानं फुडं यावं." कुणी आलं नाही. सांगलीला जायचं, लेकाकडे, असं ठरलं. हवालदारही बरोबर निघाले. 

आगगाडीत सासूबाईंचा डोळा लागला, तेव्हा हवालदारांनी मला खालच्या आवाजात सगळं सांगितलं. दगड लागून मामंजी पडले. मग काठ्या. हवालदारांनी दारात उभं राहून दोघांची डोकी फोडली, लोकांच्या हातातला पेटता पलिता ओढून जनावरांच्या हौदात बुडवला, आगपेट्या हिसकावून त्याही पाण्यात टाकल्या. "सूनबाई, भिताडांवर घासलेट वतलं व्हतं, पर पेटवाया काय बी ऱ्हायलं न्हवतं. रगत बघून मानसं मागं सराया लागली व्हती. दोगंतिगं घरला बी निगालं. आन त्यो गेला आत. सरळ चुलीम्होरं. त्यालाच ठावं, ह्या घरात इस्तव कवा बी इझत न्हाई." तो म्हणजे पाठ फुटलेला, हळद लावलेला. त्यानं राख बाजूला केली, सासूबाईंच्या चिमट्यानं निखारा उचलला, गोवरीवर ठेवला, फुंकर घातली आणि बाहेर आणला. 

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. परत आत घेतलं तेव्हा मामंजींचा एक उघडा डोळा माझ्याकडे होता. ते सगळं ऐकत होते. त्यांनी ते पाहिलंही होतं, जमिनीवर पडल्या पडल्या.

"तिला सांगू नका," म्हणाले. "दोघांनीही. पलिते आणले होते, पलित्यांनी पेटवलं. एवढंच." धाप लागली, तरी बोलत राहिले. "तिनं जन्मभर तो विस्तव सांभाळला. त्यानंच घर जाळलं, हे तिला कळलं तर ती त्या चुलीत उडी घालेल. मी गेलो तरी चालेल. हे तिला कळता कामा नये."

हवालदारांनी मान हलवली. मीही हलवली.

सांगलीत तरी काय वेगळं होतं? तिथेही घरं जळालेली, पेढ्या फोडलेल्या, रस्त्यात गाद्यांचा कापूस आणि काचा. संस्थानानं लष्कर बोलावलं होतं. आमच्या ह्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, एका कोपऱ्यात चूल. मामंजींना खाटेवर निजवलं. डोक्याची जखम वाहायची थांबली, पण दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला आणि बोलताना जीभ जड व्हायला लागली. डॉक्टरला आणायला हवं होतं.

तेवढ्यात खालून मोटार गेली, कर्णा लावलेली. "शहरात कर्फ्यू पुकारला आहे. कुणीही घराबाहेर पडू नये. कुणीही हातात पेटती वस्तू बाळगू नये. दिसेल त्याला गोळी घातली जाईल." परत परत. कर्फ्यू. कर्फ्यू. भर दुपारी.

हे तरीही निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले असतील. शिपायानं बंदुकीच्या दस्त्यानं छातीत असा ठोसा मारला, की हे रस्त्यावर बसले. आजारी बाप आहे म्हणाले, तर दुसरा दस्ता खांद्यावर. भिंतीला धरून वर आले. डॉक्टरांचं घर आमच्या खिडकीतून दिसत होतं. त्यांच्या गच्चीवर लुगडं वाळत होतं, तेसुद्धा दिसत होतं. मी त्या खिडकीत उभी राहून लष्कराला, सरकारला, त्या गोळ्या घालणाऱ्याला आणि जाळणाऱ्यांना, सगळ्यांना एका माळेत ओवून शिव्या दिल्या. वाईच्या घाटावर ऐकलेल्या सगळ्या आठवल्या. सासूबाईंनी मला अडवलं नाही.

त्या मामंजींच्या उशाशी बसल्या होत्या. मोटार पुन्हा खालून गेली. सासूबाईंनी त्यांच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि अगदी सहज विचारलं, "हा कर्फ्यू शब्द कशावरून आला म्हणाला होतात हो?"

हवालदार खाली बघायला लागले. मी मामंजींकडे बघत होते. हा माणूस मरता मरता सुद्धा शब्दाचं मूळ सांगेल, अशी मला खात्री होती. त्यांचे ओठ हलले. डोळा बायकोवरून हलून छपराकडे गेला.

"विसरलो," म्हणाले.

सासूबाईंनी पट्टी पिळली. "असू दे," म्हणाल्या. "वय झालं आता." आणि त्यांच्या मोडलेल्या बोटांवर आपला हात ठेवून बसून राहिल्या.

त्यानंतर मामंजी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी, कर्फ्यू चालू असतानाच, गेले. डॉक्टरांच्या गच्चीवर ते लुगडं तसंच होतं.

प्रेत उचलायला परवानगी लागणार होती. हवालदारांनी पलटणीचा डगला घातला, छातीला पदकं लावली आणि दोन्ही हात वर करून रस्त्यानं चालत कोपऱ्यापर्यंत गेले. लष्करी हिंदीत बोलून पाच माणसांची परवानगी घेऊन आले. पण एक अडचण होती. मडक्यातून घरचा विस्तव न्यावा लागतो, आणि पेटती वस्तू हातात दिसली की गोळी. "त्यो सुभेदार भला हाय," हवालदार म्हणाले. "म्हनला, घेऊन जा, पर आग ढकके ले जाओ. झाकून न्या म्हनतोय, वैनी."

सासूबाई उठल्या. त्या खोलीतल्या चुलीवरही त्यांनी आदल्या रात्री राख सारलेली होती. सवयच ती, हात ऐकत नाही. त्यांनी राख बाजूला केली. चिमट्यानं एकेक निखारा उचलून मडक्यात ठेवला. मग मूठभर राख घेऊन वरून पसरली, नीट, कडेपर्यंत, हातानं दाबून. मी मडकं धरून समोर बसले होते. त्या माझ्याकडे न बघता, हळू आवाजात बोलल्या, पुरुषांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"त्या पोराची आई उसात आली होती. माझे पाय धरून सांगून गेली सगळं, कुठला विस्तव आणि कुणाचा चिमटा."

"मग काल त्यांना का विचारलंत?" मी म्हटलं.

"त्यांना ठाऊक आहे का, ते बघायचं होतं. ठाऊक नसतं तर सांगितलं असतं त्यांनी, अगदी लॅटिनपासून." त्यांनी हात झटकले. "शब्द विसरणारा माणूस होता का तो? माझ्यासाठी विसरले."

मडकं त्यांनी लेकाच्या हातात दिलं. हवालदार आणि शेजारच्या तिघांनी मामंजींना उचललं, जिना उतरले. आम्ही दोघी वरून बघत होतो. कोपऱ्यावर शिपायानं मडक्यात डोकावून पाहिलं, त्याला राख दिसली, आणि त्यानं हातानं पुढे जायची खूण केली.

ते वळणाआड गेल्यावर सासूबाई आत आल्या. त्यांनी कळशी उचलली आणि सगळं पाणी चुलीवर ओतलं. चूल फुसफुसली, खोलीभर वाफ झाली, राखेचा चिखल ओघळून माझ्या पायांपर्यंत आला. तो पुसायला मी वाकले, तर त्यांनी मला थांबवलं आणि स्वतः पुसला.

त्यानंतर त्या पंधराएक वर्षं जगल्या, सांगलीतच, आमच्यापाशी. स्वयंपाकघर त्यांच्याच ताब्यात होतं. रात्री जेवणं झाली की चुलीत पाणी, आणि सकाळी उठून नवी काडी ओढायच्या. एखाद्या ओल्या सकाळी चार चार काड्या वाया जायच्या, तरी शेजारी विस्तव मागायला त्यांनी मला कधी पाठवलं नाही.